ईजीएफआर–जीआरबी२ को-आयपीत जीआरबी२ दिसत नाही

प्रश्न: को-आयपीसाठी (एक प्रथिन अँटिबॉडीने ओढून त्याला चिकटलेलं दुसरं शोधणं) ईजीएफआर या पेशीवरच्या रिसेप्टरच्या अँटिबॉडीने पुलडाउन केलं. रिसेप्टरचा बँड ठळक आहे, पण त्याला बांधलं जाणारं प्रथिन जीआरबी२ ब्लॉटवर (प्रथिनांचे बँड दाखवणाऱ्या पटलावर) सापडत नाही. लायसिससाठी (पेशी फोडायला) रिपा बफर, त्यात ईडीटीए (धातूचे आयन बांधणारं रसायन) ५ मिलीमोलर. काय बदलावं?

उत्तर १: आधी रिपा सोडा. त्यातल्या एसडीएस आणि डीऑक्सिकोलेट या डिटर्जंटांनी प्रथिनांचे कॉम्प्लेक्स सुटतात. ०.५ ते १ टक्का एनपी-४० हा सौम्य डिटर्जंट पुरे. जीआरबी२चं एसएच२ डोमेन (प्रथिनाचा एक भाग) रिसेप्टरवरच्या फॉस्फोटायरोसिनलाच (फॉस्फेट लागलेल्या टायरोसिनलाच) धरतं, म्हणून पेशी रात्रभर सीरमशिवाय ठेवून ईजीएफ (रिसेप्टरला चालू करणारा वाढघटक) १०० नॅनोग्रॅम/मिली ५ मिनिटं द्या आणि लगेच बर्फावर घ्या. लायसिस बफरमध्ये १ मिलीमोलर ऑर्थोव्हॅनाडेट हवंच, नाहीतर फॉस्फेटेज ही एन्झाइमं फॉस्फेटच्या खुणा पुसून टाकतात; ऑर्थोव्हॅनाडेट त्यांना रोखतं. ते पीएच १०ला आणून, रंग जाईपर्यंत उकळून वापरायचं. ईडीटीए मात्र काढाच, तो व्हॅनाडेटला बांधून निकामी करतो, डीटीटी हा रिड्यूसिंग एजंटही नको.

उत्तर २: बँड असेलही, झाकला गेला असेल! जीआरबी२ साधारण २५ किलोडाल्टनचं, अँटिबॉडीची लाइट चेनही (तिची लहान साखळी) तिथेच. ब्लॉटला वेगळ्या प्राण्यातली अँटिबॉडी घ्या, किंवा पुलडाउनची अँटिबॉडी मणींना क्रॉसलिंक करा. धुणं थंड बफरने तीनदा, झटपट. एसएच२ची पकड पटकन सुटते. आयजीजी कंट्रोल (असंबद्ध अँटिबॉडीने केलेलं पुलडाउन) आणि ईजीएफ न दिलेली लेन सोडू नका.

उत्तर १: एक भर. वाय१०६८एफ म्युटंटमध्ये (१०६८ क्रमांकाचं टायरोसिन बदललेल्या ईजीएफआरमध्ये) बंध उरला तर गोंधळू नका. एसएचसी या दुवा साधणाऱ्या प्रथिनामार्फतही जीआरबी२ रिसेप्टरपर्यंत पोचतं.