उपक्रमाचा परिणाम मोजायचा आहे, पद्धत सुचवा

वाचनवेडी: आमची संस्था शाळा सुटल्यावर वाचनवर्ग चालवते. वर्षाच्या सुरुवातीला बऱ्याच शाळांत सगळ्या मुलांची चाचणी घेतली आणि ४० पेक्षा कमी गुणवाल्यांना वर्गात घेतलं. वर्षअखेर त्यांचे गुण चांगलेच वाढले. देणगीदार विचारतात, "हे तुमच्या वर्गामुळेच कशावरून?" आता नव्याने प्रयोग करायला ना वेळ ना पैसे. जाणकारांनी सल्ला द्यावा.

आकडेमोडे: प्रश्न रास्त आहे. मुलं वर्षभर शाळेतही शिकतातच की. शिवाय तुम्ही निवडून कच्ची मुलं घेतलीत. त्यातलं एखादं त्या दिवशी तापाने फणफणलेलं असेल, एखाद्याने अर्धा पेपर कोरा दिला असेल. त्यांचे गुण पुढच्या खेपेला वर्गाविनाही वर येणार. बाकीच्या मुलांचीही शेवटी चाचणी झाली का?

वाचनवेडी: हो, शाळांनी सगळ्यांचीच घेतली. पण ती मुळातच हुशार, त्यांच्याशी तुलना कशी करायची?

बेरीजवजाबाकी: दोन्ही गटांची वाढ काढा आणि एकीतून दुसरी वजा करा. 'फरकांतला फरक' म्हणतात त्याला.

खडूफळा: इथे ते नको. कच्च्यांचे गुण आपोआप वर सरकणार, हुशारांचे थोडे खाली. वर्ग निरुपयोगी असला तरी उत्तर झकास येईल!

वाचनवेडी, तुमच्या हातात याहून भारी गोष्ट आहे: ती ४० ची रेषा. ३८-३९ वाला आणि ४०-४१ वाला यांच्यात फरक असून असून किती? एखाद्या प्रश्नाचा. पण एकाला वर्ग मिळाला, दुसऱ्याला नाही. आडव्या अक्षावर सुरुवातीचे गुण, उभ्यावर शेवटचे. ४० पाशी आलेखात उडी दिसली तर ती वर्गाची. याला 'रिग्रेशन डिसकंटिन्युइटी' म्हणतात. थिसलथ्वेट आणि कॅम्पबेल या अमेरिकी संशोधकांनी १९६० मध्ये गुणवत्ता पुरस्कारांचा परिणाम असाच तपासला होता.

मात्र हे उत्तर ४० च्या आसपासच्या मुलांपुरतंच. १० गुणवाल्याबद्दल ते काही सांगत नाही. आणि नियम काटेकोर पाळला होता का? कोणत्या गुणांवर किती मुलं, ते आधी मोजा.

आकडेमोडे: +१. पुढच्या वर्षी जागा कमी पडल्या तर सरळ चिठ्ठ्या टाका. मेक्सिकोतल्या प्रोग्रेसा या गरीब कुटुंबांना रोख मदत देणाऱ्या योजनेत १९९८ मध्ये ५०६ गावांपैकी ३२० गावांना यादृच्छिक निवडीने आधी लाभ दिला, १८६ गावांना नंतर. थांबलेली गावं हाच तुलनागट. फक्त चिठ्ठी शाळेवार काढलीत तर नमुना शाळांचा धरायचा, मुलांचा नाही. चार शाळांतली हजार मुलं म्हणजे शेवटी चारच शाळा.

वाचनवेडी: मोजलं. ३९ वर चक्क ढीग आहे आणि ४०-४१ जवळजवळ रिकामे. :(

खडूफळा: कोणा प्रेमळ बाईंनी मुलं वर्गात बसावीत म्हणून एखाद-दोन गुण कापलेले दिसतात. ढीग एखाद-दुसऱ्या शाळेतलाच असेल तर त्या वगळून हिशेब करा. सगळीकडेच असेल आणि उत्तरपत्रिका शिल्लक असतील, तर नावं झाकून त्रयस्थाकडून पुन्हा तपासून घ्या आणि ते गुण आडव्या अक्षावर घ्या. नव्या गुणांनी ४० च्या वर गेलेली काही मुलंही वर्गात बसलेली निघतील, म्हणून रेषेपाशी वर्गातल्या मुलांचं प्रमाण किती बदलतं तेही मग हिशेबात धरावं लागेल, पण जमेल. रद्दीत तर नाही ना दिल्या?