एनबीए बास्केटबॉल चर्चा: मध्यंतरानंतर जास्त गुण कोण करणार? माझं मत पिछाडीवरच्या संघाला

तिसरा क्वार्टर: पूर्वार्ध जिंकणाराच उत्तरार्धही जिंकणार, हे गृहीत धरणं मला पटत नाही. २०१८ ची वेस्टर्न कॉन्फरन्स फायनल (एनबीएच्या पश्चिम विभागाची अंतिम मालिका), रॉकेट्स विरुद्ध वॉरियर्स, आठवा. सहाव्या सामन्यात मध्यंतराला रॉकेट्स ६१-५१ असे पुढे होते. उत्तरार्ध वॉरियर्सनी ६४-२५ असा नेला! सातव्यातही रॉकेट्स ५४-४३ पुढे, आणि नंतर वॉरियर्सचे ५८, त्यांचे ३८.

साधा हिशेब: अहो, तो वॉरियर्सचा संघ होता. करी, ड्युरँट, थॉम्पसन. मागे होते म्हणून नाही, सरस होते म्हणून त्यांनी ती भरपाई केली. शिवाय दुखापतीमुळे रॉकेट्सचा ख्रिस पॉल त्या दोन्ही सामन्यांत बाहेर होता. मी तरी सरस संघाच्याच बाजूने राहीन, गुणफलक काहीही सांगो.

तिसरा क्वार्टर: मग १५ एप्रिल २०१९ चं काय? तेच वॉरियर्स, घरचं मैदान, मध्यंतराला ७३-५०. क्लिपर्सनी उत्तरार्धात ८५ गुण केले, वॉरियर्सनी ५८. सामना १३५-१३१. सरस कोण होतं त्या दिवशी?

रीबाऊंड: तुम्ही दोघंही आघाडी किती तेच बघताय, ती आली कुठून ते नाही. थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) पडत गेल्यामुळे आलेली आघाडी मी कधीच पक्की धरत नाही. २०१८ च्या त्याच सातव्या सामन्यात रॉकेट्सचे सलग २७ थ्री हुकले, अख्ख्या सामन्यात ४४ पैकी ७ पडले. याउलट आत घुसून, फाऊल काढून मिळवलेली आघाडी टिकाऊ असते. टीम फाऊलची मोजणी दर क्वार्टरला (सामन्याच्या चार भागांपैकी प्रत्येकात) नव्यानं सुरू होते, पण खेळाडूचे वैयक्तिक फाऊल पुसले जात नाहीत. मुख्य सेंटर (बास्केटजवळ खेळणारा खेळाडू) तीन फाऊल घेऊन मध्यंतराला गेला असेल, तर तो तिसऱ्या क्वार्टरमध्ये बचावाला हात आखडूनच उभा राहतो, कारण सहाव्या फाऊलला बाहेर. मी सगळ्यात आधी फाऊलचा रकाना बघतो.

साधा हिशेब: फाऊलचा मुद्दा मान्य. थ्रीचा नाही. चांगला नेमबाज संघ मोकळे शॉट तयार करत असेल, तर ते उत्तरार्धातही मिळतात.

बेंचवरून: एक गोष्ट राहतेय. आघाडी २५ ची असेल तर चौथ्या क्वार्टरमध्ये कोच मुख्य पाच जणांना बसवतो. मग हरणारा संघ उत्तरार्ध जिंकतो आणि सामना मात्र गमावतो. त्यामुळे मोठ्या फरकात मी ‘तिसरा क्वार्टर’शी सहमत, चार-पाच गुणांच्या फरकात अजिबात नाही.

तिसरा क्वार्टर: चार-पाचच्या फरकातही मी मागच्या संघालाच धरतो. पंधरा मिनिटांच्या विश्रांतीत बदल करण्याची निकड त्यालाच जास्त असते.