मदत हवी आहे: बहिणीला फिजिओथेरपिस्ट व्हायचंय, एक वर्षाचा डिप्लोमा चालेल का?

नमस्कार मंडळी,

घाटंजी तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका खेड्यातून लिहितोय. बहीण यंदा बारावी सायन्स झाली, पीसीबीत ६८ टक्के. क्लास न लावता ‘नीट’ परीक्षा दिली, त्यामुळे एमबीबीएसचा विषयच नाही. तिला ते नकोही आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांना लकवा मारला, उजवी बाजू गेली. दवाखान्यातल्या फिजिओ मॅडमनी व्यायाम दाखवले, घरी ते रोज बहिणीनंच करून घेतले. उजवा हात धरून बाबांना उठवायचं नाही, खांदा निखळतो, हे ती आम्हा सगळ्यांना ओरडून सांगायची. आज बाबा काठी टेकत धुऱ्यापर्यंत जातात. तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच आहे.

आई म्हणते, “लोकायचे हातपाय चोयाले एवढं शिकाव लागते काय?”

तालुक्याला एक संस्था एका वर्षात ‘फिजिओ डिप्लोमा’ देते. ६० हजार फी, नीट नको, वर लगेच क्लिनिक टाका म्हणतात. शनिवारपर्यंत १० हजार भरायचेत. हातात आहेत ते बियाण्याचे पैसे. भरू का?

कंत्राटी_फिजिओ:
भाऊ, बियाणं आणा. तिथं एक रुपयाही भरू नका. महाराष्ट्रात फिजिओ म्हणून काम करायला ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी लागते, आणि असल्या सर्टिफिकेटवर ती मिळत नाही. त्यांना एवढंच विचारा, नोंदणी झालेला तुमचा एक तरी विद्यार्थी दाखवा.

खरा रस्ता बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी. आतापर्यंत चार वर्षं अधिक सहा महिने इंटर्नशिप असा साडेचार वर्षांचा होता. फिजिओसारख्या आरोग्य अभ्यासक्रमांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या २०२५ च्या अभ्यासक्रमात पाच वर्षं, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिप. प्रवेश नीटच्या गुणांवर, राज्याचे प्रवेश पाहणाऱ्या सीईटी सेलमार्फत. पण एमबीबीएसइतके गुण लागत नाहीत, म्हणून हिंमत सोडू नका. फिजिओचा गट वेगळा असतो, पसंतीक्रम वेगळा भरावा लागतो. अनेक पोरं एमबीबीएसची यादी पाहून घरी बसतात आणि इथंच चुकतात. नागपूरच्या मेडिकलला सरकारी फिजिओ आहे, ते वर टाका.

आईंना सांगा, चोळणं यात सगळ्यात कमी. पहिल्याच वर्षी शरीररचना, शरीरक्रियाशास्त्र. पुढे मेंदू, हृदय, फुप्फुसं, लहान मुलं. आपल्याकडे सिकलसेलनं खुबा खराब झालेली पोरं येतात, फवारणीचा पंप वाहून कंबर गेलेले येतात. पैशाचंही खरं सांगतो. जिल्हा रुग्णालयातल्या जागा बहुतेक कंत्राटी, सुरुवातीचा पगार बेताचा. मी आठ वर्षांपासून तिथंच आहे, दर वर्षी मुदतवाढीची वाट पाहतो. पण काम सोडावंसं वाटलं नाही.

सातबारा_आणि_मी:
कागदं आत्ताच पाहा. डोमिसाईल, जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, आणि सगळ्यात आधी जात वैधता, म्हणजे जात प्रमाणपत्र समितीनं तपासून खरं ठरवल्याचा कागद. आमच्या पुतणीची वैधता अडकली आणि राऊंड हातचा गेला.

फीचं म्हणाल तर २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. प्रवेश मात्र कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही, म्हणून सावंगीच्या (वर्धा) अभिमत विद्यापीठाचा विचार असेल तर आधी फी विचारा. मेस आणि खोलीचा खर्च राहतोच.

मूळ धागाकर्ता:
दोघांचेही आभार. काल संस्थेत जाऊन नोंदणीचं विचारलं. “तुम्ही आधी ॲडमिशन घ्या, मग पाहू,” म्हणाले. तसाच परत आलो. येताना बियाण्याच्या दोन बॅगा घेतल्या.

आम्ही ओबीसी. वैधतेचा अर्ज कॉलेजातून डिसेंबरमध्ये दिला होता, अजून पत्ता नाही. यवतमाळच्या समितीत स्वतः जाऊन चौकशी केली तर काही होतं का? कोणी गेलंय का?