कुंपणावरचा लाल मानेचा सरडा नेमका कोणता?

पानगळ: कुंपणाच्या खांबावर एक सरडा जोर काढल्यासारखा वरखाली होत होता. मान-खांदे लालभडक, गळ्याखाली काळा डाग. थोड्या वेळाने तिथेच तेवढाच सरडा, पण मातकट, आडव्या पट्ट्यांचा. दोन वेगळे की एकच? रंग बदलतो म्हणजे शॅमेलिऑन का?

खवलेबाज: एकच असू शकतो. हा नेहमीचा बागेतला सरडा, कॅलोटिस व्हर्सिकलर. विणीच्या हंगामात नर हद्द सांगताना असा रंगतो आणि भर ओसरला की पुन्हा मातकट होतो. म्हणून रंगावरून ओळखायला जाल तर फसाल. कानाच्या पडद्याच्या वर पाहा, एकमेकांपासून सुटे दोन बारीक काटे दिसतील. मानेपासून पाठीवर करवतीसारखा तुरा असतो आणि कुशीवरचे खवले मागे व वर वळलेले. डोके-धड मिळून १० ते १४ सेंमी, शेपटी त्याच्या दुपटीहून जास्त.

शॅमेलिऑन मात्र नाही. त्याची बोटं दोन जुडग्यांत चिकटलेली असतात आणि शेपटी गुंडाळते. याची बोटं सुटी, नखं लांब.

कातळसडा: खवल्यांची दिशा खरंच बघा. पश्चिम घाटातल्या झाडीत मोनिलेसॉरस रूक्सी हा दुसरा सरडाही भेटतो. त्याचे खवले मागे व खाली वळतात, शिवाय खांद्यापुढे तिरकी घडी असते. बागसरड्याला ती नसते.

जागाही बोलते. बागसरडा कुंपण, झुडपं, बांधावरची झाडं सोडत नाही. उघड्या कातळावर चपटा होऊन बसलेला दिसला तर तो बहुधा खडकसरडा. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, गळ्याचा रंगीत पंखा फुलवणारे सरडे वेगळेच. त्यातल्या एका गटाला २०१६ साली 'सरडा' हेच शास्त्रीय नाव मिळालं!

पानगळ: फोटोत काटे दिसत नाहीयेत.

खवलेबाज: वरून काढलाय म्हणून. डोळ्याच्या पातळीवर येऊन बाजूने काढा. नाहीतर रात्री बॅटरी घेऊन जा, बारीक फांदीच्या टोकाला फिकट पडून झोपलेला सापडतो, हलत नाही. धरू मात्र नका. विष नाही, पण चावा घट्ट असतो. आणि पालीसारखी याची शेपटी सहज सुटत नाही. ओढाताणीत तुटलीच तर पूर्ववत येत नाही.

मातीकाम: वाफा खणताना लांबट, पांढरी, मऊ सालीची अंडी एकत्र निघाली, साधारण १० ते २०, तर याचीच असू शकतात. उलटी करू नका, आतला गर्भ दगावतो. वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण करून तशीच, तेवढ्याच खोलीवर ओलसर भुसभुशीत मातीत ठेवा. सहा-सात आठवडे तिथे कुदळ नको.