मदत हवी आहे: आईची खालची कवळी, तारेची की कास्ट पार्शल? (नाशिक)

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी,

आई ६८ वर्षांची. खालच्या जबड्यात पुढचे सहा दात आणि दोन्हीकडे एकेक उपदाढ एवढंच शिल्लक आहे, मागे सगळं मोकळं. वरचे बहुतेक दात शाबूत. सध्या गुलाबी प्लास्टिकची, तारेचे हूक असलेली काढ-घाल कवळी आहे. चावताना ती मागच्या बाजूला हिरडीत रुतते, चिकट काही खाल्लं की उचलली जाते, आणि आता डावी उपदाढ हलायला लागली आहे. मिसळ खायला गेलो की आई पाव रश्शात भिजवून नुसता गिळते. इम्प्लांटला तिची साफ ना आहे. कारण मधुमेहाचं सांगते, खरं कारण ड्रिलचा आवाज. तो वाद इथे नको.

नवे डॉक्टर धातूच्या सांगाड्याची कास्ट पार्शल सुचवतात. जुने म्हणतात, या वयात एवढा खर्च कशाला, होती तशीच नवी करून देतो. प्रश्न असे:

१. धातूने नेमका काय फरक पडतो? फक्त तुटत नाही एवढंच का?
२. उरलेल्या चांगल्या दातांवर खाचा करणार म्हणे. कशासाठी?
३. जिभेखालून पट्टी जाणार. ती सहन होईल?

दंतकथा

दंतवैद्य आहे, रोजचं काम कवळ्यांचंच. तोंड न पाहता लिहितोय, तेवढं धरून वाचा.

तुमच्या आईंची केस केनेडी वर्ग १ ची: दोन्हीकडच्या मागच्या दाढा नाहीत आणि कवळीच्या मागच्या टोकाला दाताचा आधार नाही. हे वर्गीकरण १९२५ चं आहे, पण आजही आम्ही त्यावरूनच सुरुवात करतो, कारण वर्ग कळला की दुखणं कुठे होणार ते कळतं. कवळीचा पुढचा भाग दातावर टेकतो, मागचा हिरडीवर. दात दाबाखाली जेमतेम हलतो, हिरडी त्याच्या कित्येक पट दबते. म्हणजे प्रत्येक घासाला कवळी मागे खाली जाणार आणि हूक दाताला मागे ओढणार. तुमची डावी उपदाढ हलायला लागण्यामागे हे मोठं कारण असू शकतं. हिरडीचा आजार आहे का तेही तपासून घ्या.

आता खाचा. साध्या तारेच्या कवळीत दातावर टेकणारं बहुधा काही नसतं, त्यामुळे ती हिरडीत रुतत जाते. कास्टमध्ये दातावर धातूचा छोटा टेकू बसतो, त्याला रेस्ट म्हणतात. त्याच्यासाठी चमच्यासारखी गोलसर, साधारण १ ते १.५ मिमी खोल जागा करावी लागते. ती शक्यतो इनॅमलमध्येच, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातच राहते. तिचा उतार दाताच्या मध्याकडे हवा, म्हणजे जोर दाताच्या मुळाच्या दिशेने जातो. खाच न करता रेस्ट बसवला तर वरच्या दाताला अडतो किंवा पातळ करावा लागतो आणि मोडतो. त्यामुळे ‘न घासता करून देतो’ हे ऐकायला गोड असलं तरी मला ते काळजीचंच वाटतं.

तुमच्या केसमध्ये रेस्ट उपदाढेच्या पुढच्या कडेला हवा, मागच्या नव्हे. त्याच्यासोबत दाताच्या मागच्या बाजूला टेकणारी धातूची पट्टी आणि हिरडीकडून वर येणारा इंग्रजी ‘आय’ (I) आकाराचा हूक. अशी रचना केली की कवळी मागे दबते तेव्हा हूक दातापासून सुटतो, दाताला ओढत नाही. उपदाढ हलते आहे, तेव्हा डॉक्टर हूक वाकवलेल्या तारेचाही ठेवतील, तो जास्त लवचिक असतो.

आणि चिकट खाल्ल्यावर उचलली जाते त्यावर उपाय: मुख्य रेस्टच्या पुढे, सुळ्याच्या आतल्या बाजूला आणखी एकेक टेकू. कवळीची मागची बाजू उठू लागली की हे पुढचे टेकू तिला अडवतात. गुळाची पोळी मात्र जपूनच.

जिभेखालची पट्टी: तिची उंची साधारण ४ मिमी आणि वरची कड हिरडीच्या काठापासून किमान ३-४ मिमी खाली हवी. म्हणजे काठापासून तोंडाच्या तळापर्यंत ७-८ मिमी जागा लागते. तेवढी नसेल तर पुढच्या दातांच्या पाठीला लागून पत्रा घालतात. त्यात स्वच्छता जास्त काटेकोर ठेवावी लागते. डॉक्टरांनी आईंना जीभ वर करायला लावून मोजलं का, विचारा.

लॅबमध्ये_बसलेला

दंतकथा डॉक्टरांना अनुमोदन. दुसऱ्या बाजूने सांगतो, मी नाशिकरोडला लॅबमध्ये काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक मापांसोबत चिठ्ठीवर फक्त ‘कास्ट पार्शल, खालची’ असतं. रेस्ट कुठे, हूक कोणता, काही नाही. मग डिझाइन आम्ही ठरवतो, आणि आम्ही तोंड पाहिलेलं नसतं.

ताईदादा जे असाल ते, डॉक्टरांना म्हणा: ‘मॉडेलवर काढलेलं डिझाइन दाखवा.’ अभ्यासाचं मॉडेल सर्व्हेअर नावाच्या मोजणीच्या उपकरणावर ठेवून, दातावर हूक अडकायला घळ (फुगवट्याखालची खोलगट जागा) किती आहे हे बघून रेषा मारतात. कोबाल्ट-क्रोमियमच्या हूकला साधारण ०.२५ मिमी घळ पुरते. हे सगळं दातांवर खाचा करायच्या आधी व्हायला हवं. दाखवायला आनंदाने तयार होणारा डॉक्टर मला तरी बरा वाटतो.

सिडकोची_सून

सासऱ्यांची कास्टच आहे. पहिले काही दिवस ‘तोंडात खिळा ठेवलाय’ म्हणून घर डोक्यावर घेतलं, आता काढायला सांगावं लागतं. रात्री काढून पाण्यात ठेवायची आणि हूकखालचे दात घासायचे. हे दुसरं ते विसरायचे, तिथेच कीड लागली.

इंदिरानगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. (दादा आहे.) खर्च जास्त झेपेल असं नाही, म्हणून पंचवटीतल्या हिरे डेंटल कॉलेजात दाखवावं का? आणि तोवर जुनी कवळी आईने घालावी का?

दंतकथा

कॉलेजात जरूर दाखवा. वेळ जास्त लागतो, पण डिझाइन शिकवणाऱ्यांच्या नजरेखालून जातं. मागच्या हिरडीचं माप वेगळं, दाबासह घेणार का हेही विचारून घ्या. खालच्या जबड्यात त्याने पुष्कळ फरक पडतो. जुनी कवळी जेवताना नको, हलणाऱ्या दाताला तेवढाच विसावा. कार्यक्रमाला घालायची तर घाला. शिवाय नवं माप घेण्याआधी काही दिवस हिरडी मोकळी राहिलेली चांगली, दबलेल्या हिरडीचं माप चुकतं.