टीनेजरला कादंबरी सुचवताना अडवायचं काय, जड विषय की कंटाळा?

रातकिडा
तेरा-चौदा ते सतरा-अठराच्या पोरांना कादंबरी सुचवायची वेळ आली की मोठी माणसं एकदम सेन्सॉर बोर्डावर नेमणूक झाल्यासारखी वागायला लागतात. यात कोणी मरतं का, शिव्या आहेत का, किस आहे का, शेवट गोड होतो का... आणि एवढं सगळं वगळून जे उरतं ते इतकं मिळमिळीत असतं की पोरगं दहा पानांत मोबाइल उचलतं, मग आपणच म्हणायला मोकळे की हल्लीची मुलं वाचतच नाहीत. माझं मत सरळ आहे. विषय जड आहे म्हणून पुस्तक अडवू नका. अडवायचंच असेल तर कंटाळवाणं अडवा.

वायए (यंग अडल्ट, म्हणजे टीनेजरांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या) हा प्रकार वाढला कसा ते बघा. एस. ई. हिंटनने 'द आउटसायडर्स' लिहायला घेतलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, १९६७ मध्ये छापून आलं तेव्हा अठरा. टोळ्या, मारामाऱ्या, चाकू, खून, सगळं आहे त्यात. तिची तक्रार हीच होती की तिच्या वयाच्या मुलांसाठी म्हणून जे लिहिलं जायचं त्यात तिला दिसणारं जगणं कुठेच नव्हतं. म्हणजे "मोठे देतात ते आमचं नाही" या रागातून हे सगळं आलं आणि आपण इतक्या वर्षांनी परत तेच करतोय, फक्त आता शेल्फवर वायएची पाटी आहे एवढंच.

बोला.

दोघींची_आई
अडवू नका म्हणायला काय जातंय हो. तेरा आणि सतरा यात जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि त्या वायएच्या पाटीखाली दोन्ही कोंबलेत. माझी मोठी सतराची, धाकटी तेराची. मोठीने 'थर्टीन रीझन्स व्हाय' वाचलं, आम्ही दोघी बोललो त्यावर, ठीक आहे. तेच धाकटीने उचललं तेव्हा मी काढून घेतलं आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. आत्महत्या केलेली मुलगी कॅसेटवर एकेकाला सांगत जाते की यात तुझाही हात आहे, तुझाही आहे, आणि सगळे शेवटपर्यंत ऐकून घेतात. तेराव्या वर्षी यातून काय कळेल? की मेल्यावर लोक ऐकतात. म्हणजे प्रश्न विषय जड असण्याचा नाहीच, गोष्ट बांधलीयच तशी. आणि मी एकटीच घाबरट आहे असंही नाही. त्यावर जी सीरीज निघाली त्यातला तिच्या आत्महत्येचा प्रसंग नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये, म्हणजे सीरीज आल्यावर दोन वर्षांनी, काढून टाकला. आत्महत्येची बातमी कशी द्यावी याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना आहेत, कशी केली त्याचं वर्णन नको, प्रश्नावरचा उपाय म्हणून दाखवू नका वगैरे. बातमीला जे लागू ते गोष्टीला का नको?

रातकिडा
ताई, तुम्ही पुस्तक वाचलंत, गोष्ट कशी बांधलीय ते बघितलंत आणि मग ठरवलंत. माझं भांडण तुमच्याशी नाहीचे. न वाचता, मागच्या कव्हरवरच्या चार ओळी बघून "आत्महत्या? नको रे बाबा" म्हणतात त्यांच्याशी आहे. त्यात सीरीजचं ओझं पुस्तकावर टाकू नका, पुस्तकात तो प्रसंग तसा डोळ्यांसमोर घडत नाही.

आणि त्या चार ओळींच्या हिशोबाने 'स्पीक' पण बाद होतं मग. लॉरी हॉल्स अँडरसनचं, १९९९चं. पार्टीत बलात्कार झालेली नववीतली मुलगी, हळूहळू बोलणंच टाकते. ऐकायला भयंकर वाटतं, पण वाचताना ती मनातल्या मनात शाळेची, मास्तरांची, पोरापोरींच्या ग्रुपांची जी टिंगल करत असते त्याने हसू येतं, आणि हसता हसता कळतं की ही आतून किती घाबरलीय. एका शब्दापायी हे सगळं गेलं.

दोघींची_आई
भांडण कसं नाही? तुम्ही लिहिलंय "अडवू नका". मी अडवलं.

आडवातिडवा
मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात. वायए सुचवायचंच कशाला? हे प्रकाशकांनी काढलेलं खातं आहे, विक्रीसाठी. 'द कॅचर इन द राय' १९५१ मध्ये आलं ते मोठ्यांसाठी, पोरांनी स्वतःहून पळवलं. 'द बुक थीफ' ऑस्ट्रेलियात मोठ्यांचं म्हणून आलं आणि अमेरिकेत वायए म्हणून, पुस्तक तेच, शब्द तेच. आपल्याकडे मिलिंद बोकीलांची 'शाळा' घ्या, नववीतला मुकुंद जोशी, बाहेर आणीबाणी, आत त्याला आवडणारी शिरोडकर. कोणी त्याला वायए म्हटलं नाही म्हणून चौदा वर्षांच्या मुलाचं काही अडलं का? उलट मोठ्यांचं पुस्तक आपल्या हातात आलंय याचीच मजा असते. वायएमध्ये सगळं कसं हाताला धरून, प्रथमपुरुषी, वर्तमानकाळात, प्रत्येक भावना उलगडून सांगत, मुलांना अर्थ लावायला काही शिल्लकच ठेवत नाहीत. त्या वयात कळलं नाही तरी चालतं की. अर्धंमुर्धं कळलेलं पुस्तकच डोक्यात राहतं.

आणि गंमत म्हणजे अमेरिकेत २०१२ मध्ये बाउकर या कंपनीने बाजाराची पाहणी केली तर वायए विकत घेणाऱ्यांतले ५५ टक्के अठरा किंवा त्यावरचे निघाले, आणि त्यातले बरेच स्वतःला वाचायला घेणारे. म्हणजे मोठी माणसं मुलांची पुस्तकं वाचणार आणि मुलांना सांगणार की मोठ्यांची तुम्हाला झेपणार नाहीत.

मूकवाचक
५५ टक्क्यांत मी पण आहे, लाजतबिजत नाही 😄

फळा_डस्टर
आडवातिडवा, तुम्ही बहुतेक वाचणाऱ्या घरात वाढलात. तुमच्यासारख्यांना काहीही द्या, ते वाचणारच, त्यांना सुचवायची गरजच नसते. माझ्या वर्गातली अर्धी मुलं अशी आहेत की त्यांनी आख्खी कादंबरी कधी संपवलेलीच नाहीये, आणि "आपल्याला वाचता येत नाही" हे त्यांनी स्वतःबद्दल ठरवून टाकलंय. त्यांच्या हातात जाडजूड अभिजात ठेवलं की ते मत पक्कं झालं, विषय संपला. त्यांना पहिल्यांदा पाहिजे काय तर पुस्तक संपवल्याचा अनुभव.

अशांना मी कवितेतल्या कादंबऱ्या देतो. जेसन रेनॉल्ड्सचं 'लाँग वे डाउन' (२०१७), पंधरा वर्षांचा विल, मोठ्या भावाचा खून झालाय, हा बंदूक खोचून बदला घ्यायला निघतो आणि लिफ्टमध्ये शिरतो. जवळजवळ सगळी गोष्ट त्या मिनिटभराच्या लिफ्टमध्ये घडते, प्रत्येक मजल्यावर दार उघडतं आणि ओळखीचं कोणीतरी मेलेलं माणूस आत येतं. पानावर मोजकेच शब्द, बाकी पांढरं. न वाचणारी पोरं आधी ते पांढरं बघतात आणि सुटकेचा श्वास टाकतात, मग अडकतात. खेळवेड्यांना क्वामे अलेक्झांडरचं 'द क्रॉसओव्हर', बास्केटबॉल खेळणारे जुळे भाऊ, २०१५चं न्यूबेरी, म्हणजे अमेरिकेतलं बालसाहित्याचं बक्षीस, मिळालेलं, त्यामुळे "हे काय साहित्य आहे का" म्हणणाऱ्या पालकांना पण गप्प करता येतं. आणि वॉल्टर डीन मायर्सचं 'मॉन्स्टर', सोळा वर्षांचा मुलगा खुनाच्या खटल्यात उभा आहे आणि स्वतःची केस सिनेमाच्या पटकथेसारखी लिहितोय. अमेरिकेत वायएसाठी प्रिंट्झ पुरस्कार २००० मध्ये सुरू झाला तो पहिला यालाच. यात काय उलगडून सांगितलंय सांगा मला. तो मुलगा खरंच सामील होता का हे शेवटपर्यंत ठामपणे कळत नाही, वर्गात हमखास दोन तट पडतात.

अजून एक, ते लेक्साइल वगैरे वाचनाची पातळी सांगणारे आकडे बघून पुस्तक देऊ नका. त्यात वाक्यांची लांबी आणि शब्द किती नेहमीचे आहेत एवढंच मोजतात. आत काय आहे, कुणाला भिडेल, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

आडवातिडवा
'मॉन्स्टर'बद्दल मान्य, ते खरंच चांगलं आहे. पण तुम्ही दहातली उत्तम तीन उचललीत. उरलेल्या सातांचं काय? डिस्टोपियाची, म्हणजे भविष्यातल्या भयाण जगाच्या गोष्टींची, लाट आली तेव्हा 'हंगर गेम्स'च्या (२००८) मागे किती पुस्तकं निघाली, सगळ्यांत दुष्ट सरकार, निवडली गेलेली मुलगी, दोन मुलगे आणि तिसरा भाग निष्कारण.

फळा_डस्टर
मोठ्यांच्या शेल्फवर दहातली किती चांगली असतात? 🙂

पान_मुडपणारी
मी सोळाची आहे. सगळे आमच्याबद्दल बोलताय म्हणून मधे घुसते, सॉरी.

मला अडवलेल्या पुस्तकांपेक्षा सुचवलेल्या पुस्तकांचा जास्त वैताग येतो. कारण मोठी माणसं पुस्तक सुचवत नाहीत, निदान करतात. मी दोन आठवडे जरा गप्प होते तर मावशीने डिप्रेशनवरची कादंबरी आणून दिली. मैत्रिणीचे आईबाबा वेगळे झाले तर तिला लगेच घटस्फोटवाली. अरे तिला ड्रॅगन पाहिजे होते! घरात चोवीस तास तेच चालू असताना परत पुस्तकात पण तेच कशाला वाचेल ती? रातकिडा, तुम्ही म्हणता जड विषय द्या, पण बऱ्याचदा जड विषय देणारेच जास्त शिकवायला बघतात. आत सगळं भयंकर आणि शेवटी समुपदेशक येऊन नीट समजावून सांगणार. तो पण मिळमिळीतच प्रकार झाला ना.

आणि आडवातिडवा काका, कळलं नाही तरी चालतं हे तुम्ही आत्ता मागे वळून म्हणताय. त्या वेळी जे डोक्यावरून गेलं आणि अर्धवट टाकलं ते तुम्ही विसरला असाल.

सुचवायचंच असेल तर आधी विचारा की कुठलं पुस्तक मधेच सोडलंस आणि का. आवडलेलं विचारलं की आम्ही तुम्हाला बरं वाटेल ते सांगतो. सोडलेल्याबद्दल खरं बोलतो.

मूकवाचक
शेवटची दोन वाक्यं +१

रातकिडा
निदानाचा मुद्दा एकदम नेमका. पण मग मी म्हणतोय त्यालाच जोर येतो, कंटाळवाणं अडवा, ते हलकंफुलकं असो की जड. आणि मधेच सोडण्यावरून आठवलं, डॅनियल पेनाक म्हणून फ्रेंच लेखक आहेत, अनेक वर्षं शाळेत शिकवत होते, त्यांनी १९९२ मध्ये वाचकाच्या दहा हक्कांची यादी दिली. पहिलाच हक्क न वाचण्याचा, मग पानं गाळायचा, मग पुस्तक अर्धवट सोडायचा. आपण पुस्तक देतो आणि आठवड्याने विचारतो "झालं का वाचून?" तिथेच तो गृहपाठ होतो.

फळा_डस्टर
एक भर घालतो. 'स्पीक'सारखं पुस्तक कुणा एकीला सगळ्यांसमोर हातात देऊ नका, कधीच. वर्ग लगेच विचारतो की हिलाच का. मी एकदम पाच-सहा पुस्तकांबद्दल मिनिटभर प्रत्येकी बोलतो, त्यात ते एक, आणि टेबलावर ठेवून निघून जातो. जिला पाहिजे ती घेते. परत आलं तरी विचारत नाही.

दोघींची_आई
हे आवडलं. पण घरी टेबलावर ठेवून निघून जाता येत नाही ना, मी तिथेच असते. आणि अजून एक राहिलंच, ती रोमँटसी, म्हणजे रोमान्स अधिक फँटसी. मोठीच्या मैत्रिणी सगळ्या तेच वाचतात. सारा जे. मासची ती 'कोर्ट'वाली मालिका २०१५ला सुरू झाली तेव्हा वायएत धरायचे, पुढे तीच नव्या कव्हरांनी मोठ्यांसाठी म्हणून आली. मजकूर तोच. म्हणजे मधल्या काळात ज्यांनी पाटीवर विश्वास ठेवून तेरा-चौदाच्या मुलींना दिली त्यांना काय सांगायचं? तुम्ही म्हणता न वाचता अडवू नका, मी म्हणते न वाचता देऊही नका. सगळ्यांना एवढा वेळ आहे का हा प्रश्न वेगळा.

आडवातिडवा
घ्या, मी तेच म्हणत होतो, पाटी प्रकाशकाची असते. मार्क हॅडनचं कुत्र्याच्या खुनाचं पुस्तक २००३ मध्ये एकाच वेळी दोन कव्हरांत काढलं होतं, एक मुलांचं, एक मोठ्यांचं. यापेक्षा प्रामाणिक काय असणार.

पान_मुडपणारी
रोमँटसीत कुठल्या प्रकरणात काय आहे हे आम्हाला आधीच माहीत असतं, एकमेकींना पान नंबर सांगतात. ज्यांना नको असतं त्या तेवढी पानं गाळतात, खरंच. पेनाक काकांचा हक्क 😌

दोघींची_आई
हे वाचून बरं वाटून घेऊ की घाबरू ते कळत नाहीये. बरं, फळा_डस्टर, ते लिफ्टवालं धाकटीला चालेल का? तेराची आहे, वाचायचा कंटाळा करते. त्यात खून आहे म्हणालात.

फळा_डस्टर
आहे, आणि शेवट उघडा ठेवलाय, तो बदला घेतो की नाही ते सांगत नाहीत. काही मुलांना त्याचा त्रास होतो, खुनाचा नाही. आधी तुम्ही वाचा, एका बैठकीत होतं.

दोघींची_आई
आणि वाचून मला वाटलं की नको, तर?

पान_मुडपणारी
तर ती मोठीच्या कपाटातून घेईल.