मदत हवी आहे: पत्रांमधली वर्तमानपत्राची कात्रणं वेगळी काढावीत का?

अभिलेखागारात एका घराण्याच्या खासगी कागदांची नोंदणी चालू आहे. पत्रं, रोजनिशा, जमाखर्चाच्या वह्या. मूळ क्रम न मोडता प्रत्येक पानावर मऊ पेन्सिलीने क्रमांक घातलेत. गंजलेल्या टाचण्या ओढल्या की कागद फाटतो, म्हणून मध्ये प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून काढतो.

अडलंय ते कात्रणांवर. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन (लाकडातला एक घटक) असतं, त्यातून आम्ल सुटतं आणि शेजारच्या पत्रावर तपकिरी डाग उतरतो. कात्रण तिथेच ठेवलं तर पत्र खराब होतं, हलवलं तर ते कोणत्या पत्रासोबत आलं हा संदर्भ तुटतो. विचार असा आहे, की आम्लरहित कागदावर काढलेली प्रत आणि क्रमांकाची चिठ्ठी मूळ जागी ठेवायची, अस्सल कात्रण वेगळ्या फोल्डरमध्ये. पण काहींच्या समासात हाताने लिहिलेले शेरे आहेत. तीही हलवावीत, की दोन्ही बाजूंना आम्लरहित कागद घालून पत्रांतच राहू द्यावीत?

शिवाय दोन पत्रांवर जुनी सेलोटेप आहे, गोंद कागदात मुरलाय. शाई आयर्न गॉलची (लोहक्षार आणि मायफळांपासून केलेली जुनी शाई, पाण्याने बिघडू शकते), त्यामुळे पाण्याचा प्रयोग नको. कोरड्या पद्धतीने कुणी काढली आहे का, की हे थेट संवर्धकाकडेच सोपवावं?